अजून चार दिवस

आमच्या घरी द्राक्ष कुणी सावकाश खाल्लं नाही. निफाडपासून सात-आठ किलोमीटरवर आमची बाग. माझा जन्म तिथला, लग्न होईपर्यंतची सगळी वर्षं तिथली. लोकांना वाटतं, द्राक्षवाल्यांची मुलं द्राक्षांत लोळत वाढत असतील. आमच्याकडे घड हातात आला की आधी मण्याची जाडी बघायची. निर्यातीला सोळा मिलिमीटरच्या वर हवी, अठरा भरली तर व्यापारी दोन शब्द जास्त बोलतो. मग साखर. मणी दाबून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर सोडायचा आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, वाचायची. पिळलेला मणी तोंडात जायचा तो चालता चालता, लक्ष दुसरीकडे असताना. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की घरातलं सगळं बोलणं डावणी, भुरी हे रोग आणि ढग यांभोवती फिरायचं, ते मार्चमध्ये शेवटचा क्रेट गाडीत चढेपर्यंत.

त्यामुळे द्राक्ष म्हटलं की माझ्या जिभेला गोड काही आठवत नाही. २०१० साल आठवतं. युरोपने क्लोरमेक्वाटच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली, त्यात आमचाही माल होता. काडी आखूड राहावी म्हणून वर्षानुवर्षं मारत आलेलं औषध ते. त्याचं रासायनिक नाव अण्णांना, माझ्या वडिलांना, तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग २०१४चा मार्च. मी ठाण्यात होते. दादाचा फोन आला आणि तो काहीच बोलला नाही. पलीकडून पत्र्यावर पडणाऱ्या गारांचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर लोखंडी अँगल वाकून अख्खा मांडव जमिनीवर बसलेला, आणि अण्णा खाली पडलेले घड गोळा न करता नुसते एका सरीतून दुसऱ्या सरीत चालत होते.

म्हणून यंदा फेब्रुवारीत नवऱ्याने चार दिवसांची सुट्टी काढून "नाशिकला जाऊ, एक गड करू, थोडी सायकल चालवू आणि वाईन चाखू" असं म्हटलं, तेव्हा मला ते पटकन झेपलं नाही. तो दादरचा. सह्याद्रीतले गड त्याने कॉलेजपासून पायाखाली घातलेत आणि नाशिक त्याला डोंगरांसाठी ओळखीचं. ज्या जिल्ह्यात मी छाटणीच्या हंगामात शाळा बुडवून काड्या गोळा केल्या, तिथे टोपी घालून पाहुण्यासारखं फिरायचं, पेला हातात धरून द्राक्षबागेकडे बघायचं, याचा मला संकोच वाटत होता. तो संकोच मी त्याला सांगितला. तो म्हणाला, "मग तूच आम्हाला दाखव की." एक अट मात्र मी घातली. गड आधी, वाईन नंतर, आणि दोन्ही एका दिवशी नाहीत.

भाचा आपणहून सामील झाला. तेवीस वर्षांचा, कृषी पदवीधर, गाडी चालवायला तयार. त्याच्या मनात वेगळंच काही होतं, ते मला ठाऊक होतं. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला दीड एकराचा एक तुकडा आहे, मुरमाड. तिथली थॉमसन जातीच्या खायच्या द्राक्षांची बाग आता म्हातारी झालीय. ती काढून तिथे वाईनची द्राक्षं लावावीत आणि एखाद्या वायनरीशी दीर्घ मुदतीचा करार करावा, असं भाच्याचं वर्षभर चाललंय. अण्णा माळकरी. दरवर्षी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर पायी त्र्यंबकेश्वरी जातात, सत्तरी ओलांडली तरी. "गळ्यात माळ घालून दारूची द्राक्षं पिकवू का रे?" एवढं एकदा म्हणाले, आणि घरात तो विषय थांबला तो थांबलाच.

गुरुवारी पहाटे आम्ही हरिहरला निघालो. शनिवार-रविवारी तिथल्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागते, आणि तसल्या कातळावर रांगेत उभं राहणं हा निव्वळ धोका आहे, म्हणून मुद्दाम मधला वार. त्र्यंबक मागे टाकून निरगुडपाड्याला पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. तिथून आधी झाडीतली चढण लागते, मग मोकळा पठारी दांड, आणि त्या दांडावरून समोर एकदम तो काळा उभा कातळ दिसतो. त्याच्या मधोमध वरून खाली कुणी फणी ओढावी तशा पायऱ्या. ऐंशी अंशांच्या आसपासचा चढ. फोटोत हजार वेळा पाहिलेलं असतं, तरी त्याच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केली की पोटात खड्डा पडतो.

या पायऱ्या कोरणाऱ्याने चढणाऱ्याच्या हातांचा विचार केलाय. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना खोबण्या आहेत, चार बोटं आत जातील एवढ्या. उजवा हात खोबणीत, डावा पाय वर, डावा हात पुढच्या खोबणीत. शतकानुशतकं बोटं घासून त्या खोबण्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात. पहिल्या वीस पायऱ्या मी मोजल्या. मग मोजणं सुटलं. खोबणी, पायरी, श्वास, यापलीकडे डोक्यात काही उरलं नाही. ठाण्याचं घर, मुलीची दहावी, गावाकडचा दीड एकर, काही नाही. कुठलीही गोष्ट मी इतक्या पूर्ण मनाने किती दिवसांत केली नव्हती, हे मला वर महादरवाजात टेकल्यावर कळलं. त्यानंतर कड्याच्या पोटातून कोरलेली वाकून जायची वाट येते आणि पुन्हा पायऱ्या, पहिल्यांपेक्षा अवघड, कारण आता खालची दरी सगळी दिसत असते.

या गडाने बरंच पाहिलंय. १६३६ मध्ये शहाजीराजांना त्र्यंबकबरोबर हाही मोगलांच्या हवाली करावा लागला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जच्या फौजेकडे गेला. अलंग-मदन गडांच्या वाटा इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, हरिहरच्या पायऱ्या मात्र राहिल्या. नवरा म्हणतो, त्या पाहून ब्रिग्जचा हात धजावला नसेल. असेल तसं. त्या पायऱ्यांवर हात ठेवून आलेल्या माणसाला ते खरं वाटतं.

वर मारुतीचं छोटं देऊळ, तळं, एक जुनं कोठार आणि त्याहूनही वर टेकाडासारखा माथा. उंची ३६७६ फूट. तिथे बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि भाच्याने हात लांब करून मला माझा जिल्हा दाखवला. पूर्वेला ब्रह्मगिरी, अंजनेरी. जवळच उतवड, फणी, भास्करगड. एका बाजूला वैतरणेचं पाणी चमकत होतं. या एकाच डोंगररांगेतून गोदावरी पूर्वेला निघते ती थेट बंगालच्या उपसागराकडे, आणि वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे. शाळेत हे पाठ केलं होतं. वर बसून ते नजरेने मोजता आलं.

"आत्या, आपली द्राक्षं या भिंतीमुळे आहेत," भाचा म्हणाला. अरबी समुद्रावरून आलेला पाऊस या भिंतीवर आदळतो आणि इथेच रिता होतो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर साठ-सत्तर किलोमीटर पूर्वेला आमच्या निफाडला जेमतेम पाचशे. वेलीला ऊन चालतं, थंडी चालते, पानांवर साचून राहणारं पाणी चालत नाही. डोंगर पाऊस अडवतो आणि धरणं तेच पाणी कालव्यांनी आमच्याकडे पाठवतात. वर हिवाळ्यातल्या निफाडच्या थंडीच्या बातम्या तर दरवर्षी पेपरात येतात. दिवसा ऊन, रात्री कडाका. मण्यात साखर भरते उन्हामुळे, आणि आंबटपणा टिकतो थंड रात्रींमुळे. ज्या कातळावर मी बसले होते तोच बेसाल्ट झिजून आमच्या रानाची काळी माती आणि वरच्या तुकड्यातला मुरूम झालाय, हेही त्यानेच सांगितलं. मी त्या दगडावर हात फिरवला. आमच्या घरातल्या सगळ्या काळजीचं मूळ इतकं शांत असेल, असं वाटलं नव्हतं.

उतरताना तोंड कातळाकडे करून, शिडी उतरतात तसं मागे मागे यायचं. पाय चाचपडत खालची पायरी शोधतो तो अर्धा क्षण फार लांब असतो. खाली एका झोपडीवजा दुकानात ठाकरवाडीतल्या एका मावशींनी ताक दिलं, मीठ-जिऱ्याचं, गार. सलग तीन पेले मी प्यायले. दुसऱ्या दिवशी इतकं काही चाखूनसुद्धा, त्या चार दिवसांतला सर्वांत चांगला घोट कुठला असं विचारलंत, तर तो तिथला.

मुक्काम गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून होता, गंगावऱ्हे-सावरगावच्या बाजूला. शुक्रवारी सकाळी साडेसहाला भाड्याच्या सायकली घेऊन निघालो. हात गारठून ब्रेक दाबवत नव्हते. नाशिकला सायकलीचं वेड आहे. इथल्याच डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत पूर्ण केली. आम्ही आपले बावीस किलोमीटर केले, दोन चढांना उतरून ढकलत. पाण्यावर धुक्याचा पातळ थर, त्यातून उडालेली बगळ्यांची ओळ, रस्त्याच्या एका कडेला वाईनच्या बागा. त्या आमच्या बागांसारख्या दिसत नाहीत. आमच्याकडे डोक्यावर मांडव असतो, घड वरून लोंबतात आणि त्यांच्याखालून वाकून चालायचं. इथे वेली तारांवर उभ्या बांधलेल्या, कुंपणासारख्या, आणि घड कमरेच्या उंचीवर, पानांच्या खाली एका ओळीत.

एका बागेत तोडणी चालू होती. उजाडायच्या आधीच सुरू झालेली, कारण मणी गार असताना कारखान्यात गेला पाहिजे, उन्हात तापला की रस वाटेतच बिघडायला लागतो. पंधरा-वीस बायका, हातात कात्री, पायाशी क्रेट. आम्ही थांबलो. बोलीवरून ओळखलं आणि विचारलं, तर पेठ-सुरगाण्याकडच्याच होत्या. आमच्या बागेतही छाटणीला, विरळणीला, घड औषधात बुडवायला याच भागातली माणसं येतात, पोरंबाळं घेऊन, हंगाम संपेतो बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात. एकीने मला तिची बोटं दाखवली, रसाने आणि धुळीने काळी पडलेली, नखांच्या कडांना चिरा. "साखर लई झोंबते ताई," म्हणाली. वायनरीत पुढे आम्हाला तासभर माहिती मिळाली. पिंपं फ्रान्सहून येतात, बूच पोर्तुगालचं. पेठ-सुरगाण्याचं नाव त्यात आलं नाही. ते यायला हवं. बाटलीमागे सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात, आणि त्यातला प्रत्येक घड अशा एका हाताने कापलेला असतो.

अकरा वाजता आम्ही वायनरीत पोचलो तर दारात अण्णा उभे. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी, हातात बँकेच्या कागदांची पिशवी. नाशिकला बँकेत काम होतं म्हणून एसटीने आलेले, आणि भाच्याने त्यांना "जेवायला आत्याकडे चला" म्हणून आणलेलं. जेवण कुठे आहे हे त्याने सांगितलं नव्हतं. मला त्याचा राग आला. अण्णांनी पाटी वाचली, भाच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आलोच आहे तर बाग दाखवा. आत मी येणार न्हाई."

नाशिकच्या या वायनऱ्यांचं वय फार नाही. नारायणगावला ऐंशीच्या दशकात सुरुवात झालेली. नाशिकजवळ राजीव सामंतांनी कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून येऊन घरच्या जमिनीवर वाईनची द्राक्षं लावली आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. मग दिंडोरी, इगतपुरी, गंगापूर अशा वायनऱ्या वाढत गेल्या. विंचूर आमच्यापासून जवळ. अण्णांनी ते सगळं होताना एसटीच्या खिडकीतून पाहिलंय. आत पाऊल टाकलेलं हे पहिल्यांदा.

बागेत शिरल्याबरोबर मात्र ते पाहुणे राहिले नाहीत. खोडाशी उकिडवे बसले, ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीवर, बोट फिरवलं, काड्यांमधलं अंतर वितीने मोजलं, ठिबकची नळी उचलून माती चिमटीत घेतली. बागेवरचा सुपरवायझर तरुण होता, दिंडोरीकडचा. सुरुवातीला तो पाहुण्यांना सांगतात तसं पाठ केलेलं सांगत होता. अण्णांनी "खुंट कुठला?", म्हणजे कलम कुठल्या मुळांवर बांधलंय, असं विचारल्यावर त्याची भाषाच बदलली. "एकशे दहा आर, बाबा." आणि मग पाऊण तास ते दोघं बोलत राहिले, आम्ही तिघं मागे.

शिराझ या वाईनच्या काळ्या द्राक्षाचा घड पाहून अण्णांना नवल वाटलं. मणी करवंदापेक्षा लहान, काळानिळा, घट्ट. "आम्ही मणी वाढवायला मरतो आणि तुम्ही बारका ठेवायला?" सुपरवायझरने समजावलं की गर जवळजवळ पांढराच असतो, रंग आणि चव सगळी सालीत. मणी लहान असला की तेवढ्याच रसाला साल जास्त मिळते. म्हणून पाणी बेताचं, आणि माल मुद्दाम आमच्या निम्म्याच्या आसपास. खाण्याची द्राक्षं आम्ही सतरा-अठरा ब्रिक्सला काढतो, हे बावीसच्या पुढे जाऊ देतात. अण्णांनी एक मणी तोंडात टाकला. चावले, थांबले, बी काढून तळहातावर घेतली, ती दाताने फोडून बघितली, साल बराच वेळ चघळली. "साडेतेवीस," म्हणाले. सुपरवायझरने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला. काचेवरची रेघ तेवीस आणि चोवीसच्या मधे होती.

भाच्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्यावरचा राग धरून ठेवता आला नाही. पण अण्णांचा पुढचा प्रश्न त्याच्यासाठीच होता. "करार करता म्हणता. गार पडली तर पैसे कुणाचे?" सुपरवायझर क्षणभर गप्प झाला आणि मग खरं ते बोलला. भाव ठरलेला मिळतो, माल गेला तर तो शेतकऱ्याचाच जातो, विमा असेल तर तेवढा आधार. अण्णांनी मान हलवली. त्याने खरं सांगितलं हे त्यांना आवडलं असावं, कारण निघताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाग चांगली राखली, बाळा."

चाखायच्या खोलीत आम्ही तिघं गेलो, अण्णा बाहेर लिंबाच्या सावलीत बसले. भाचा गाडी चालवणार होता, तो घोट तोंडात घोळवून टाकून द्यायच्या भांड्यात सोडत होता. तसं करण्यात अपमान नाही, ते भांडं त्याचसाठी असतं. पाच पेले, प्रत्येकात जेमतेम दोन घोट. शिकवणारी मुलगी नाशिकचीच, पण पाहुणे बघून इंग्रजीत सांगायची सवय झालेली. आधी रंग बघा, मग पेला फिरवा, नाक आत घाला, मग घोट घ्या आणि लगेच गिळू नका. माझी बोटं आदल्या दिवसाच्या खोबण्यांनी अजून दुखत होती. पेल्याचा देठ धरताना ते जाणवलं, आणि मला आपसूक तीच गती आठवली. आधी हात, मग पाय, मग श्वास. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदा, चव येईपर्यंत थांबले.

शेनिन ब्लाँ आधी, ती पांढरी वाईन. पिकलेला पेरू, आमच्या आडावरच्या झाडाचा, आणि मागून थोडा अननस. सोव्हिन्यों ब्लाँला गवताचा, कसलातरी हिरवा वास, नाव सुचेना. मग शिराझ. ती मुलगी म्हणाली यात स्पाइस येतो, कुठला ते ओळखा. मला लगेच मिरी आली, खलबत्त्यात नुकतीच कुटलेली. रोटंडोन नावाचं एकच द्रव्य काळ्या मिऱ्यात असतं आणि शिराझच्या सालीतही, असं भाच्याने सांगितलं. मग तिने 'टॅनिन' समजवायला सुरुवात केली, जीभ कोरडी पडल्यासारखी होते, हिरड्या आवळतात, वगैरे. मी म्हटलं, "तुरट." ती थांबली, हसली. "हो, तुरट. हा शब्द मी कधी वापरलाच नाही." आपल्याकडे सहा रस लहानपणीच शिकवतात. जांभूळ, आवळा, कच्ची सुपारी, बाभळीची साल. तुरट म्हणजे काय ते मराठी जिभेला कुणी समजवायला लागत नाही. या खोल्यांमध्ये मराठीत बोललं तर किती माणसांचा संकोच जाईल, असं मला वाटतं. चव ओळखायला आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, आणि पेरू, करवंद, मिरी, गवती चहा, मध ही सगळी त्या पेल्यातली नावं आपल्याच अंगणातली आहेत.

तेवढ्यात अण्णा दारात आले, किती वेळ म्हणून विचारायला. मी सोव्हिन्योंचा पेला घेऊन त्यांच्यापाशी गेले. "अण्णा, प्यायचं नाही. फक्त वास घ्या. मला नाव सापडत नाहीये." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नातवाकडे. माळ शर्टाच्या आत सारली, रुमालाने हात पुसले, पेला दोन्ही हातांत घेतला आणि फूल हुंगावं तसा हुंगला. पुन्हा एकदा. "ढोबळ्या मिरचीचं रोप," म्हणाले. "शेंडा खुडल्यावर हाताला येतो तो." दादाने चार वर्षं शेडनेटमध्ये ढोबळी केली होती, शेंडे खुडायला अण्णाच असायचे. ती मुलगी बघत राहिली. दोन्हींत पायराझिन म्हणून एकाच कुळातलं द्रव्य असतं, पुस्तकात हेच लिहिलंय, म्हणाली. अण्णांनी पेला मला परत दिला. "आत्मा राहिला की फळाचा ह्याच्यात," एवढं बोलून बाहेर गेले.

सूर्य कलला तशी तिथली गर्दी वाढली. गाणी मोठी झाली, मुंबई-पुण्याहून आलेले घोळके घटाघटा पेले रिकामे करून फोटो काढू लागले. मला ते बघवेना. दारूचं व्यसन काय करतं ते आमच्या गावाने पाहिलंय, दोन घरं माझ्या डोळ्यांसमोर उद्ध्वस्त झालीत, त्यामुळे २०२२ साली सुपरमार्केटांतून वाईन विकू द्यायचा निर्णय निघाला तेव्हा राज्यभर जो विरोध झाला तो मला कळतो. तो अण्णांचाही होता. वाईन दारूच आहे, तिला दुसरं काही म्हणणं मला पटत नाही. पण दोन घोटांपुरतं बसून, एखाद्या फळाला, मातीला, एका वर्षाच्या हवेला पूर्ण लक्ष देता येतं, हेही मी त्या दिवशी अनुभवलं, आणि ते मला माझ्या माहेराने दिलं नव्हतं. माहेरच्यांना तेवढी उसंतच नव्हती.

शनिवारी अण्णांना घेऊन गावी गेलो. वाटेत संध्याकाळी नांदूर मध्यमेश्वरला थांबलो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, गाळ साचला, पाणथळ झाली आणि पक्षी आले. २०१९ साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. चापडगावच्या मनोऱ्यावरून चमचे, रंगीत करकोचे, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या बघितल्या. अण्णा म्हणाले, पूर्वी ही पाखरं आमच्या हरभऱ्यात उतरायची. गाडीत दीड एकराबद्दल कुणीच काही बोललं नाही. रात्री जेवताना भाच्याने विषय काढलाच, तर अण्णांनी "बघू" म्हटलं. ठरलं काहीच नाही. पण वर्षभर त्यांचं उत्तर "नाही"च होतं.

रविवारी पहाटे मी त्यांच्या मागोमाग बागेत गेले. धुकं होतं, मांडवाखाली अजून अंधार. पुढच्या आठवड्यात व्यापारी येणार म्हणून अण्णा घड बघत होते. बॅटरी तोंडात धरून, घड तळहातावर तोलून, अगदी खालच्या टोकाचा मणी काढायचे, कारण घडाला साखर वरून उतरते आणि टोकाला शेवटी पोचते. टोक गोड तर घड गोड. एक मणी त्यांनी खाल्ला, एक माझ्या हातावर ठेवला. दवाने गार होता.

"अजून चार दिवस," ते म्हणाले आणि पुढच्या वेलीकडे सरकले.

मी तो तोंडात ठेवला. लगेच चावला नाही. साल आधी गुळगुळीत लागली, मग दातांखाली फुटली. पाणीदार गोडवा, मागून हिरवट आंबट, कैरीच्या कोयीजवळचा असतो तसा.

"काय गं, किडका निघाला का?" पुढून अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा. थांबा जरा. येतेय चव."

ते थांबले. बॅटरी खाली केली, आणि त्याच घडाच्या टोकाचा आणखी एक मणी खुडून स्वतःच्या तोंडात टाकला.